शेपटीवाली क्रियापदं

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून उत्तरेकडे जाणारी गाडी पकडली की तासाभराच्या आत पीटरबरो येतं. नोकरीनिमित्त आपल्यापैकी बरेचजण या स्टेशनवरून गेले असतील, काहीजण तिथं राहतही असतील. गावाच्या मधोमध एक भव्य कॅथिड्रल आहे. बाराव्या शतकात तिथं ख्रिस्ती साधूंचा मठ होता आणि त्या मठात एक बखर लिहिली जात होती, तीही लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या इंग्रजीत. १११६ साली मठाला मोठी आग लागली. त्यानंतर साधूंनी दुसरीकडून एक प्रत मिळवली, ११२१ च्या सुमारास सगळी बखर नव्यानं उतरवून काढली आणि पुढे तिच्यात स्वतःची भर घालत राहिले. शेवटच्या लेखकानं ११३२ ते ११५४ या वर्षांची हकिकत सलग लिहून काढली आणि तिथं बखर थांबली. ती आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.

११३२ च्या नोंदीत एका मठाधिपतीची गोष्ट आहे. नाव हेन्री. हा फ्रान्समधून आलेला, राजाच्या नात्यातला, आणि तिकडचा एक मठ हाताशी असताना ११२७ मध्ये पीटरबरोचा मठही त्यानं पदरात पाडून घेतलेला. साधूंचा त्याच्यावर भारी राग. मधमाश्यांनी आणलेलं सगळं पोळ्यातला नर बसून खातो, तसा हा आमच्या मठात राहिला, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. पुढे त्यानं मठ परस्पर फ्रान्समधल्या क्लूनीच्या ताब्यात देण्याचा घाट घातला, तेव्हा राजा पहिला हेन्री यानं त्याला बोलावून घेतलं, मठ सोडायला लावला आणि देशाबाहेर घालवलं.

यातल्या ‘मठ सोडायला लावला’ या ठिकाणी त्या साधूनं जे क्रियापद वापरलंय ते आहे ‘गिव्ह अप’. स्पेलिंग आजच्यापेक्षा वेगळं आहे, पण शब्द तोच. आपली मुलं गणित सुटलं नाही की ‘आय गिव्ह अप’ म्हणतात, तोच. अशा जोडक्रियापदाच्या सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी हे एक मानलं जातं. ज्ञानेश्वरीच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं.

या जोडक्रियापदांना इंग्रजीत फ्रेजल व्हर्ब म्हणतात. मी मात्र त्यांना शेपटीवाली क्रियापदं म्हणतो. क्रियापद साधं, तीन-चार अक्षरी, पहिल्या इयत्तेतलं: पुट, गेट, टेक, सेट. त्याच्यामागे अप, ऑफ, आउट, डाऊन यांपैकी एक शेपूट लागलं की प्राणीच बदलतो. पुट ऑफ म्हणजे लांबणीवर टाकणं, पुट आउट म्हणजे विझवणं, पुट अप म्हणजे घरी उतरवून घेणं, आणि त्यालाच आणखी एक शेपूट लावून पुट अप विथ म्हटलं की सहन करणं. (घरी उतरवून घेतलेल्या पाहुण्यांवरून हा अर्थ आला असावा, असं माझ्या पत्नीचं मत आहे. त्याला व्युत्पत्तिशास्त्राचा आधार नाही.)

परदेशात आल्यावर आपली खरी गाठ पडते ती यांच्याशी. ‘पोस्टपोन’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘टॉलरेट’ हे लांबलचक शब्द आपल्याला तोंडपाठ असतात. पण ऑफिसातला साहेब, शेजारची बाई आणि दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट हे शब्द क्वचितच वापरतात. आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाकडे गेल्या वर्षी वडील भारतातून आले होते. निवृत्त मुख्याध्यापक, इंग्रजीचेच शिक्षक. एक दिवस न्हाणीघरात तोल जाऊन पडले. घरात ते आणि आजी दोघंच. तब्येतीच्या चौकशीचा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, ‘डिड यू पास आउट?’ आजोबांनी खणखणीत आवाजात सांगितलं, ‘येस, १९६८, फर्स्ट क्लास.’

ही गोष्ट आम्ही सगळे हसत हसत सांगतो, पण त्या क्षणी त्या बाईंना कळायला हवं होतं की हा माणूस बेशुद्ध पडला होता का. आजोबांचं इंग्रजी चुकीचं नव्हतं. कॉलेजातून ‘पास आउट’ होणं हा प्रयोग आपल्याकडे सर्रास चालतो, आणि ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या तुकडीच्या संचलनाला आजही पासिंग आउट परेडच म्हणतात. शब्द इथलाच, पण घरगुती बोलण्यात त्याचा दुसरा अर्थ पुढे गेला आणि आपल्यापर्यंत पोचला नाही. असं का झालं असावं, हे शोधायला थोडं मागे जावं लागतं.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षं राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच आणि धर्माची, विद्येची लॅटिन. इंग्रजी उरली शेतात, स्वयंपाकघरात, बाजारात. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे अर्ज, दाखल, मंजूर, रद्द, बरखास्त हे सगळे शब्द दरबारातून आले, फारसी-अरबीतून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला तो याच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी, आणि तरीही आपण आजतागायत अर्जच करतो. तसंच इंग्लंडमध्ये झालं. कायदा, कर, सैन्य, धर्म, विद्वत्ता यांचे शब्द फ्रेंच-लॅटिनमधून आले. उठणं, बसणं, देणं, घेणं, घालणं, काढणं हे मात्र जुन्या इंग्रजीतच राहिलं. आणि या घरगुती क्रियापदांवर नव्या अर्थांची जबाबदारी आली तेव्हा त्यांनी ती शेपट्या लावून पार पाडली.

जुन्या इंग्रजीत ही पद्धत नव्हती असं नाही, पण तिथं जोर पुढच्या बाजूला होता. आपल्या उपसर्गांसारखे उपसर्ग क्रियापदाच्या आधी चिकटत. आजच्या ‘फरगिव्ह’, ‘विदस्टँड’ आणि ‘ओव्हरकम’मध्ये ते अजून दिसतात. पुढे हे उपसर्ग झिजत गेले, त्यांचा अर्थ लोकांना जाणवेनासा झाला आणि त्यांचं काम मागे येणाऱ्या स्वतंत्र शब्दांनी उचललं. काही अभ्यासकांच्या मते यात व्हायकिंग लोकांचाही हात आहे. इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात डेन्मार्क-नॉर्वेकडची माणसं येऊन वसली होती. त्यांच्या भाषेतले उपसर्ग आधीच गळून गेले होते आणि मागे शब्द जोडायची सवय पक्की होती. पीटरबरोही याच पट्ट्यातलं गाव.

इथं मला पाणिनी आठवल्याशिवाय राहत नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला ‘हृ’ धातूची गंमत माहीत आहे. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. धातू एकच, पुढचा उपसर्ग बदलला की जेवणाचा खून होतो. पण उपसर्ग धातूच्या पुढेच का? अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात एकापाठोपाठ तीन सूत्रं आहेत, १.४.८० ते १.४.८२. पहिलं सांगतं, हे शब्द धातूच्या आधी येतात. दुसरं सांगतं, वेदांच्या भाषेत ते नंतरही येऊ शकतात. तिसरं सांगतं, मधे दुसरे शब्द घालून ते धातूपासून दूरही ठेवता येतात. म्हणजे ‘टेक युअर शूज ऑफ’ या वाक्यात टेक आणि ऑफ यांच्यामधे जसे बूट येऊन बसतात, तशी मोकळीक वैदिक ऋषींना होती. नंतरच्या संस्कृतमध्ये ती गेली आणि उपसर्ग कायमचे पुढे चिकटले. संस्कृत आणि इंग्रजी एकाच घराण्यातल्या. मुळात हे छोटे शब्द सुटे हिंडत होते. एका शाखेत ते पुढे जोडले गेले, दुसरीत मागे जाऊन बसले. जर्मनीत राहिलेल्या मंडळींना तर दोन्ही प्रकार एकाच भाषेत भोगावे लागले असतील.

मराठीत ते इतके आत मुरले की आता दिसतही नाहीत. ‘उठणे’मध्ये ‘उत्’ आहे, ‘आणणे’मध्ये ‘आ’ आहे, ‘बसणे’मध्ये ‘उप’चा शिल्लक राहिलेला ‘ब’ आहे. सगळ्यात मजेदार ‘विकणे’. ‘क्री’ म्हणजे विकत घेणं. त्याला ‘वि’ लागला की व्यवहार उलटा होतो. दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात फरक तेवढ्या एका ‘वि’चा.

पुन्हा इंग्लंडकडे वळू. शेक्सपिअरच्या नाटकांत आणि १६११ च्या बायबलमध्ये ही क्रियापदं भरपूर आहेत, पण विद्वानांच्या लेखी त्यांना प्रतिष्ठा नव्हती. लॅटिनमध्ये वाक्याच्या शेवटी असा लोंबता शब्द येत नाही, मग इंग्रजीत का यावा, असा एक विचार सतराव्या शतकापासून जोर धरू लागला. कवी ड्रायडननं १६७२ मध्ये बेन जॉन्सनसारख्या मोठ्या नाटककारालाही यावरून बोल लावला. आपल्या शिक्षकांनी ‘वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन नको’ म्हणून जी लाल रेघ मारली, तिचं मूळ इतक्या लांब आहे.

यांच्याकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं ते डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी. त्यांचा इंग्रजीचा कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. लंडनमध्ये गॉफ स्क्वेअरला ज्या घरात त्यांनी तो रचला ते घर आजही पाहता येतं. फ्लीट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत आहे, पाहुण्यांना बिग बेन दाखवून झालं की तिथंही न्या. सहा मदतनीस घेऊन जॉन्सन वरच्या माळ्यावर बसत. कोशाच्या प्रस्तावनेत त्यांनी या क्रियापदांवर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिलाय. त्याचा आशय असा, की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ फिरवण्याची ही रीत इंग्रजीत इतर कुठल्याही भाषेपेक्षा बहुधा जास्त आहे आणि परक्या माणसाला सर्वांत जास्त अडचण होते ती इथंच. त्यातली काही रूपं त्यांना स्वतःलाही अगदीच बेशिस्त वाटली, तरी ती त्यांनी काळजीपूर्वक टिपली. भाषा शिकणाऱ्या परक्यांचा विचार कोशकारानं अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी केला, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांनी दिलेल्या नमुन्यांमध्ये ‘सेट आउट’, ‘सेट इन’, ‘ब्रेक ऑफ’ आहेत, आणि ‘टेक ऑफ’सुद्धा आहे. विमानं नव्हती तेव्हा. टेक ऑफचा त्यांनी तिथं दिलेला अर्थ नक्कल करणं.

जॉन्सनना जे कळलं होतं ते भारतात इंग्रजी नेणाऱ्यांनी मात्र मनावर घेतलं नाही. मेकॉलेचं टिपण १८३५ चं. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली. त्यांत जी इंग्रजी शिकवली गेली ती निबंधांची, कायद्याची आणि सरकारी पत्रव्यवहाराची होती. आपल्या पणजोबांना मामलेदार कचेरीत नोकरी हवी होती, लंडनच्या भाजीवाल्याशी गप्पा मारायच्या नव्हत्या. त्यामुळे ‘आय बेग टु स्टेट’ आलं आणि ‘हँग ऑन’ आलं नाही. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या देशात ज्या भाषेला दरबारी मानलं होतं तिचाच अर्क आपल्याला मिळाला. पुढे रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात ही क्रियापदं वाक्प्रचारांच्या यादीत आली. रात्रभर घोकायची, परीक्षेत वाक्यात उपयोग करायचा आणि विसरायची. (यातले पी. सी. रेन हे भारतातल्या शिक्षणखात्यात होते आणि नंतर ‘बो जेस्ट’ ही गाजलेली साहसकथा त्यांनी लिहिली. व्याकरणापेक्षा ती किती सुटसुटीत आहे!) आजोबांच्या ‘१९६८, फर्स्ट क्लास’ या उत्तराच्या मागे मला हा सगळा इतिहास दिसतो.

या प्रकाराला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ व्हायला मात्र १९२५ साल उजाडलं. अमेरिकेत जन्मून इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी आपल्या पुस्तकात ते वापरलं, आणि नाव आपल्याला हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असं प्रामाणिकपणे सांगितलं. हे ब्रॅडली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक. त्याआधी शेफील्डच्या सुऱ्या-चाकू बनवणाऱ्या एका कंपनीत वर्षानुवर्षं पत्रव्यवहार सांभाळणारे कारकून. भाषा शिकल्या त्या स्वतःच्या हिमतीवर. त्या कोशात ‘सेट’ या एका क्रियापदाचे १५४ मुख्य विभाग झाले. शेवटचा विभाग ‘सेट अप’चा. त्याच्या पोटअर्थांना ए, बी, सी अशी अक्षरं देता देता सगळी मुळाक्षरं संपली, मग पुन्हा एए, बीबी असं सुरू करून आरआरपर्यंत जावं लागलं. म्हणजे चव्वेचाळीस अर्थ. आम्ही संगणकवाले सकाळी ऑफिसात जाऊन जे ‘सेट अप’ करतो तो अर्थ तर तेव्हा जन्मायचाच होता.

आमचा धंदाच या शेपट्यांवर चालतो. लॉग इन, बॅक अप, शट डाऊन, रोल आउट, रोल बॅक. मोठा बदल करण्याआधी ‘बॅक आउट प्लॅन’ लिहावा लागतो. गडबड झाली तर केलेलं सगळं पूर्ववत कसं करायचं त्याचा तो आराखडा. पुण्याहून नव्यानं आलेल्या एका मुलानं ते शब्द वाचून, कंपनी करारातून अंग काढून घेतेय अशी समजूत करून घेतली आणि रात्री घाबरून बायकोला फोन केला. हसण्यावारी नेऊ नका. २००९ च्या मंदीत, ‘वी मे हॅव टु लेट सम पीपल गो’ हे वाक्य मीटिंगमध्ये ऐकून, आज लवकर घरी सोडणार या आनंदात असलेला माणूस मी पाहिलाय.

परक्यांसाठी इंग्रजी सोपी करण्याचे प्रयत्नही याच शेपटीत अडकले. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. शब्द अवघे ८५०, त्यात क्रियापदं फक्त १८. चर्चिलनाही ही कल्पना इतकी आवडली की १९४३ मध्ये हार्वर्डच्या भाषणात त्यांनी तिची तरफदारी केली. पण १८ क्रियापदांत जग बसवायचं कसं? गो, पुट, गेट, टेक यांना शेपट्या लावूनच! म्हणजे शब्द मोजताना कमी दिसतात आणि अर्थ मात्र तेवढेच पाठ करावे लागतात. आमच्याकडे याला हिशेबातली चलाखी म्हणतात. ढाक्याला अनेक वर्षं शिक्षणखात्यात काम केलेले मायकेल वेस्ट यांनी १९३४ मध्येच ऑग्डनच्या योजनेवर सविस्तर टीका केली. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना कुठे ठेच लागते हे त्यांनी वर्गात उभं राहून पाहिलं होतं.

खरी मदत आली ती अनपेक्षित ठिकाणाहून, जपानमधून. ए. एस. हॉर्नबी १९२४ मध्ये तिथं इंग्रजी शिकवायला गेले. विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कळतो पण तो वापरायचा कसा, त्याच्यामागे काय लागतं, हे कुठलाच कोश सांगत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी तसा कोश रचला. काम संपत आलं आणि डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं. हॉर्नबी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध झाले आणि १९४२ मध्ये मायदेशी परतले. पण टोकियोच्या प्रकाशकानं त्याच वर्षी, ऐन युद्धात, शत्रूच्या भाषेचा तो कोश छापून काढला. १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो पुन्हा प्रसिद्ध केला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असलेली ऑक्सफर्डची जाडजूड ‘अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणजे याच कोशाचा पुढचा अवतार. माझ्याकडच्या प्रतीवर अजून मोठ्या भावाचं नाव आहे.

आता टेक ऑफबद्दल. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती: गर्दी, घाई, एकमेकांत मिसळलेले रेडिओ संदेश. पण त्यांत एक वाक्यही होतं. डच विमानाच्या सहवैमानिकानं कळवलं की आम्ही आता ‘अ‍ॅट टेक ऑफ’ आहोत. त्याच्या लेखी विमान निघालं होतं. स्पॅनिश नियंत्रकाला वाटलं, उड्डाणाच्या जागी येऊन थांबलंय. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती आणि मधे होतं शेपटीवालं क्रियापद, त्याचं नाम करून वापरलेलं. या अपघातानंतर नियम झाला, की ‘टेक ऑफ’ हे शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचे. त्याआधीच्या सगळ्या बोलण्यात ‘डिपार्चर’ म्हणायचं. लांबलचक, फ्रेंचमधून आलेला, आपल्या पाठ्यपुस्तकातला शब्द, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. पुढच्या वेळी मुंबईच्या विमानात बसाल तेव्हा कॉकपिटमध्ये हा नियम पाळला जात असेल.

ही क्रियापदं आहेत तरी किती? कोशांत हजारो सापडतात, पण संगणक आल्यावर चित्र बदललं. २००७ मध्ये गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी ब्रिटिश इंग्रजीचा दहा कोटी शब्दांचा साठा चाळला. त्यांना असं दिसलं, की एकूण वापरापैकी निम्म्याहून अधिक वापर फक्त २० क्रियापदं आणि ८ शेपट्या यांच्या जोड्यांचा आहे. आउट, अप, ऑन, बॅक, डाऊन, इन, ऑफ, ओव्हर. वीस ओळी, आठ रकाने, एकशे साठ चौकोन. एक्सेलचं एक पान. तरीही प्रत्येक जोडीचे अर्थ अनेक, पहिल्या शंभरांत सरासरी पाचाहून जास्त. त्यावरही २०१५ मध्ये गार्निए आणि श्मिट यांनी काम केलं. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या १५० जोड्या घेतल्या आणि प्रत्यक्षात कोणता अर्थ किती वेळा येतो ते मोजलं. बहुतेक वापर जोडीमागे सरासरी दोनाच्या आतल्या अर्थांत उरकतो असं निघालं. नव्यानं आलेल्या सुनेला, जावयाला किंवा सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांना द्यायला हे पान बरं. त्यात दवाखान्याचे थोडे शब्द मी आपले हातानं वाढवले आहेत: पास आउट, थ्रो अप, ब्लॅक आउट, कम डाऊन विथ. आणि ‘पुट डाऊन’ही. शेजाऱ्यांनी डोळे पुसत सांगितलं की कुत्र्याला काल ‘पुट डाऊन’ करावं लागलं, आणि आमच्याकडच्या एका मावशींनी विचारलं, ‘मग पुन्हा उचलून घेतलं का?’

आपल्या मुलांना हे पान लागत नाही. ती ही भाषा खेळाच्या मैदानावर शिकली, जशी ती इथल्या शेतकऱ्याच्या पोरानं नऊशे वर्षांपूर्वी शिकली असेल. बाप ‘टॉलरेट’ म्हणतो, मुलगी ‘पुट अप विथ’ म्हणते, एका घरात दोन इंग्रजी नांदतात. त्यांची अडचण दुसरीकडे आहे, आणि ती रविवारच्या मराठी वर्गात दिसते. तिथं ही मुलं आजोबांच्या जागी असतात.

कारण आपल्याही क्रियापदांना शेपट्या आहेत. व्याकरणात त्यांना संयुक्त क्रियापदं म्हणतात. दूध ‘पिऊन टाक’ म्हणतो तेव्हा आपण काहीही टाकत नाही. ‘पिऊन घे’ म्हणतो तेव्हा हातात काही घेत नाही. ‘ड्रिंक अप’मधलं अप जसं वरच्या दिशेचं नाही, ते काम पुरं करण्याचं आहे, तसंच हे टाकणं. ‘बोलून गेला’ म्हणजे तो कुठे गेला नाही. ‘सांगून ठेव’ यात ठेवायचं काय आणि कुठे? ही शेपटी चुकली की वाक्य व्याकरणात बसतं पण माणूस दुखावतो. सुट्टीत गावी गेलेल्या एका मुलानं काकूंनी वाढलेल्या लाडवाबद्दल प्रेमानं सांगितलं, ‘मी तो खाऊन टाकला.’ ‘खाल्ला’ म्हणायला हवं होतं, हे त्याला कोण सांगणार?

गेल्या सत्रात वर्गात आम्ही हेच केलं. फळ्यावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला मुलांनी इंग्रजी शेपूट शोधायचं. ‘देऊन टाक’ला ‘गिव्ह अवे’ लगेच मिळालं. ‘विकून टाक’ला ‘सेल ऑफ’. ‘वापरून टाक’ला ‘यूज अप’. ‘रडून घे’पाशी जरा वाद झाला आणि ‘क्राय इट आउट’वर तह झाला. मग मी लिहिलं ‘करून बसला’. बराच वेळ शांतता. अर्थ सगळ्यांना माहीत होता, घरी रोज ऐकतात; पण अप, ऑफ, आउट, डाऊन, काहीच लागेना. शेवटी मागच्या बाकावरची नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, ‘ही’ज गॉन अँड डन इट.’ मराठीत तो करून बसतो आणि इंग्रजीत जाऊन करतो, तो एका जागी का नाही थांबत, असं तिनं मला विचारलं, आणि तेवढ्यात बटाटेवडे आले.